ब्लेंडरमध्ये पायथनने यूव्ही हलवताना या चुका टाळा

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नवा क्यूब घ्या आणि त्याच्या यूव्ही लेअरमध्ये (मॉडेलवर चित्र कुठे बसेल ते सांगणारे आडवा यू आणि उभा व्ही हे आकडे इथे असतात) किती नोंदी आहेत ते पायथन कन्सोलमध्ये मोजून बघा. व्हर्टेक्स, म्हणजे टोकाचे बिंदू, आहेत ८, नोंदी मात्र २४. यूव्ही व्हर्टेक्सचा नसतो, फेसच्या, म्हणजे पृष्ठाच्या, कोपऱ्याचा असतो. ६ फेस, प्रत्येकाचे ४ कोपरे. या कोपऱ्याला ब्लेंडर ‘लूप’ म्हणतं. स्क्रिप्टमधल्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच सापडतं.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे व्हर्टेक्सचा क्रमांक धरून यूव्हीच्या यादीत लिहिणं. यात एररसुद्धा येत नाही, कारण ० ते ७ क्रमांकाच्या नोंदी यादीत असतातच. फक्त त्या पहिल्या दोन फेसच्या असतात. ते दोन फेस विस्कटतात आणि उरलेले चार जागचे हलत नाहीत. असं दृश्य दिसलं की दुसरीकडे शोधत बसू नका. फेस घ्या, त्याचे लूप इंडायसेस घ्या, त्यावरून यूव्ही वाचा आणि व्हर्टेक्स कुठला हे त्या लूपलाच विचारा.

आता मोड. एडिट मोडमध्ये असताना ऑब्जेक्ट डेटातली यूव्हीची यादी रिकामी मिळते, म्हणून स्क्रिप्ट एक तर इंडेक्सची एरर देते नाहीतर काहीच न करता संपते. ऑब्जेक्ट मोडमध्ये या, किंवा एडिट मोडमध्येच राहायचं असेल तर बीमेश (मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, हाताळणारं पायथन मॉड्यूल) वापरा: ‘फ्रॉम एडिट मेश’ने मेश उघडा, ‘व्हेरिफाय’ने यूव्ही लेअर मिळवा आणि शेवटी ‘अपडेट एडिट मेश’ला हाक मारा. ही शेवटची ओळ राहिली की बदल होऊनही स्क्रीनवर दिसत नाही.

मॉड्युलोबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही चूक वरवर अगदी शहाणपणाची वाटते. यूव्ही ० ते १ च्या बाहेर गेलेत, ते आत आणायचेत, म्हणून प्रत्येक कोपऱ्याला १ ने मॉड्युलो लावला जातो, म्हणजे १ ने भागून उरलेली बाकी घेतली जाते. विटांच्या भिंतीचा एक फेस घ्या. त्याची डावी कड यू ०.९ वर आहे, उजवी १.१ वर. मॉड्युलोनंतर डावी ०.९ वरच राहते आणि उजवी ०.१ वर येते. आधी त्या फेसवर चित्राचा ०.२ भाग होता, आता ०.८ भाग कोंबला गेला आणि तोही आरशात दिसावा तसा उलटा. आणखी वाईट गत ० ते १ असा नेमका बसलेल्या फेसची होते. १ चा मॉड्युलो ०, म्हणजे दोन्ही कडा एकाच जागी आणि फेसभर नुसत्या रेघा ओढलेल्या.

इलाज असा: कोपरा एकटा हलवायचाच नाही, अख्खं आयलंड, म्हणजे यूव्हीमध्ये एकमेकांना जोडलेल्या फेसचा तुकडा, हलवायचं. आयलंडच्या मध्याचा यू आणि व्ही काढा, दोघांचा फ्लोअर (खालचा पूर्णांक) घ्या आणि तेवढाच पूर्णांक आयलंडच्या सगळ्या कोपऱ्यांतून वजा करा. एखादी कड थोडी बाहेर राहिली तरी रिपीट होणाऱ्या टेक्स्चरवर (पृष्ठावर लावलेल्या चित्रावर) बिघडत नाही. आयलंड शोधण्याचं काम हाताने लिहायची गरज नाही. ‘बीपीवाय एक्स्ट्राज’च्या ‘बीमेश यूटिल्स’मध्ये ते फंक्शन तयार आहे. आणि मॉडेल यूडिमवर (यूव्हीच्या प्रत्येक १ × १ चौकोनाला, म्हणजे टाइलला, वेगळं चित्र देणाऱ्या पद्धतीवर) असेल तर हा उद्योग मुळीच करू नका. तिथे टाइलचा क्रमांक १००१ + यूचा पूर्णांक + १० गुणिले व्हीचा पूर्णांक असा ठरतो. १०१२ वरचं आयलंड १००१ वर येऊन दुसऱ्याच चित्राखाली जातं.

आकार बदलतानाही आयलंडचा मध्य लागतोच. नुसतं २ ने गुणलं की आयलंड (०,०) पासून दूर पळतं. आधी मध्य वजा करा, गुणा, मग मध्य परत मिळवा. फिरवताना चित्राची मापंही बघा. २०४८ × १०२४ च्या चित्रावर आयलंड सरळ ३० अंश फिरवलं तर नक्षी तिरकी ताणली जाते. फिरवण्याआधी यूला २ ने गुणायचं, नंतर २ ने भागायचं.

एका सभागृहाच्या मॉडेलमध्ये माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. ४० खुर्च्या, सगळ्यांचं लाकूड ०.२५ ने सरकवायचं होतं. स्क्रिप्ट चालवली, खुर्च्या जशाच्या तशा. पुन्हा चालवली, तेच. स्क्रिप्ट चालतच नाही असं धरून मी ती तीनदा नव्याने लिहिली. शेवटी यूव्ही एडिटर लांबून पाहिला, तेव्हा आयलंड कितीतरी टाइल पलीकडे दिसलं. खुर्च्या ऑल्ट-डी दाबून केलेल्या होत्या, म्हणजे ४० ऑब्जेक्ट आणि मेश एकच. त्या एकाच मेशला ४० वेळा ०.२५ मिळालं, दर वेळी नेमके १० टाइल, आणि लाकूड रिपीट होत असल्यामुळे चित्र तंतोतंत जागेवर! तेव्हापासून मी ऑब्जेक्टवरून नाही, मेशच्या सेटवरून फॉर-लूप चालवते, म्हणजे प्रत्येक मेश एकदाच येतो.

छोट्या गोष्टी दोन. यूव्ही मॅप एकाहून जास्त असतील तर निवडलेला मॅप आणि रेंडरचा मॅप वेगळे असू शकतात. यादीतल्या कॅमेऱ्याच्या खुणेकडे लक्ष द्या, किंवा मॅप नावानेच मागा. आणि जीएलटीएफ या थ्रीडी फाइल फॉरमॅटमध्ये व्ही वरून मोजला जातो, ब्लेंडरमध्ये खालून, पण एक्स्पोर्टर ती उलटापालट स्वतःच करतो. स्क्रिप्टमध्ये तुम्हीही १ वजा व्ही केलंत तर टेक्स्चर डोक्यावर उभं राहतं.

स्क्रिप्ट खऱ्या लाकडावर किंवा विटांवर तपासू नका. नवी इमेज घेताना ब्लेंडर ‘कलर ग्रिड’ देतं, ती लावा. तिच्या प्रत्येक चौकोनात अक्षर आणि आकडा असतो. अक्षर आरशातलं दिसलं तर फेस उलटलाय, चौकोन लांबट झाला तर ताण आलाय, आणि चौकोनातला आकडाच बदलला असेल तर आयलंड किती सरकलं तेही तिथेच मोजता येतं.