तुरुंगातील आप्ताला पैसे पाठवताना

तुरुंगात असलेल्या व्यक्तीच्या हाती सहसा रोख रक्कम दिली जात नाही. बाहेरून आलेले पैसे तिच्या नावे ठेवलेल्या खात्यात जमा होतात आणि त्यातूनच ती कँटीनमधील साबण, टूथपेस्ट किंवा खाण्याच्या वस्तू घेते. त्यामुळे पत्राच्या पाकिटात नोटा घालून पाठवू नयेत.

सर्वाधिक घोळ होतो तो नावात. आपण घरी ज्या नावाने हाक मारतो ते नव्हे, तर तुरुंगाच्या नोंदीत जसे आहे तसेच पूर्ण नाव लिहावे आणि कैदी क्रमांक सुरुवातीच्या शून्यांसकट उतरवावा, कारण एक अंक जरी इकडचा तिकडे झाला तरी रक्कम अडकून पडते. पावती मात्र पैसे जमा झाल्याचे कळेपर्यंत जपून ठेवावी. कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली असेल, तर जुन्याच तपशिलावर विसंबू नये, आधी चौकशी करावी.

खासगी सेवेमार्फत पैसे पाठवल्यास प्रत्येक वेळी शुल्क लागू शकते, म्हणून चार वेळा थोडेथोडे पाठवण्यापेक्षा मर्यादेत बसेल तेवढे एकदाच पाठवणे परवडते. काही ठिकाणी दंड किंवा नुकसानभरपाईची वसुलीही याच खात्यातून होते. पाठवलेली रक्कम पूर्ण हाती येईलच असे गृहीत धरू नये.

‘तो अडचणीत आहे, ताबडतोब या खात्यावर पैसे टाका’ असा अनोळखी फोन आला, तर एक पैसाही न पाठवता तुरुंगाच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करून घ्यावी.