नव्या गाडीवर पावसाळी घाटासाठी हात कसा बसवावा

पाडव्याला गाडी घरी येते. दोन-अडीच महिने कोरड्या रस्त्यावर फिरवली की वाटतं, आता हात बसला. मग जूनमध्ये पहिली सर पडते आणि सातारकर त्याच गाडीत सगळं घर भरून यवतेश्वरचा घाट चढायला निघतो. त्याआधी एक सकाळ फक्त गाडीला द्या, आणि त्या सकाळी पोराबाळांना घरी ठेवा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

पहिलाच पाऊस सगळ्यात वाईट असतो. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल, टायरचा चुरा आणि धूळ रिमझिम पाण्यात कालवली जाते आणि डांबरावर बुळबुळीत थर बसतो. मुसळधार पाऊस तो धुऊन नेतो, भुरभुर पाऊस नेत नाही. कासच्या वाटेला त्यात जांभ्याची तांबडी माती मिसळते. ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो तिथे त्याच्या चाकांचा राडा वीस-पंचवीस फूट पसरलेला असतो. तांबडे पट्टे दिसले की वेग आधीच कमी करा, पट्ट्यावर गेल्यावर नको.

सुरुवात दारातच करा. टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो, आणि गाडी भरलेली असेल तर वेगळा असतो. कोऱ्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या लेपाचा अंश राहतो, त्यामुळे पहिले दोनएकशे किलोमीटर पकड जरा कमीच मिळते. जुनी गाडी घेतली असेल तर नक्षीची खोली बघा. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ओल्या घाटाला मी तिथवर थांबणार नाही. मग उभ्या गाडीत बसून वायपर, फॉग लॅम्प, काचेवरची वाफ घालवायचं बटण हे सगळं न बघता सापडेपर्यंत हात फिरवा. आधीच्या गाडीत वायपरची दांडी उजवीकडे असेल आणि इथे डावीकडे, तर ऐन वळणावर इंडिकेटर लागतो आणि काच तशीच राहते.

आता खरा सराव. पाऊस पडून गेल्यावर सपाट, रुंद, मोकळा रस्ता शोधा. मागे कोणी नाही ना, ते आरशात बघा. ताशी २० वर हलका ब्रेक, मग ३० वर. किती फुटांत थांबते ते रस्त्याकडेच्या झाडावरून मापा. मग ४० वर एकदा ब्रेक जोरात, पूर्ण दाबा. पायाखाली पेडल कडकडा थरथरेल, खालून खरखर ऐकू येईल. ते एबीएस आहे. चाक जाम होऊ नये म्हणून ते ब्रेक सेकंदात कित्येकदा सोडतं-धरतं. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला होता. तसं करू नका. पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टिअरिंग हवं तिकडे वळवा, गाडी वळते. ही थरथर पायाच्या ओळखीची होईपर्यंत पाच-सहा वेळा करा. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस आहे, पण ते अंतर जादूने कमी करत नाही. ओल्यात गाडी लांबच थांबते.

यानंतर घाट, तोही उजेडात. चढताना एका लयीत चढा. उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नको. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल (म्हणजे खालचा गिअर) कसं लावायचं ते सपाटीवरच शिकून घ्या. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं : पाचगणीला बॅटरी पूर्ण भरून पसरणीचा घाट उतरायला लागलात तर गाडी स्वतःहून जो वेग ओढून धरते तो जोर सुरुवातीला मिळत नाही, कारण तयार होणारी वीज साठवायला जागाच नसते.

गाडी घसरलीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग हळू तिकडे न्या. झटका देऊ नका.

धुक्यात दिवे खालच्या बीमवर. वरचा बीम धुक्यावर आपटून डोळ्यांतच परत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. काचेला वाफ धरली तर एसी चालू करून वारा काचेवर सोडा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आणि फोटोसाठी वळणावर थांबू नका, कितीही सुंदर ढग उतरले असले तरी.

खाली आल्यावर गाडी बाजूला घ्या आणि चाकाजवळ वास घ्या, हात लावू नका. जळका वास आला तर तुम्ही गिअरवर कमी आणि ब्रेकवर जास्त उतरलात. ब्रेक निवू द्या, पुढच्या रविवारी पुन्हा एकटे जा, आणि वास यायचा थांबला की मग घरच्यांना घेऊन निघा.