अंध विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर शिकवायला जाताय? आधी हेडफोन मोजा

हेडफोन. प्रत्येक मशीनला एक, वर दोन जास्तीचे. बाकीची यादी नंतर वाचलीत तरी चालेल. गेल्या बॅचला आम्ही सगळं नेलं आणि नेमकं हेच राहिलं. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, सुरू केला आणि एका खोलीत सगळी मशीन एकदम बोलायला लागली, कोणाला कळेना आपलं कुठलं आणि शेजारच्याचं कुठलं. एक मुलगी शेवटी स्पीकरला कान लावून बसली, त्यामुळे तिचे हात कीबोर्डपर्यंत पोचेनात. आपल्याला स्क्रीन दिसते, त्यांच्यासाठी आवाज हीच स्क्रीन. हेडफोन नसतील तर वर्ग पुढे ढकला, पण तसाच घेऊ नका.

आणि वायरचेच घ्या. ब्लूटूथवाले बरेचदा मधे शांतता झाली की झोपतात आणि पुढच्या शब्दाची सुरुवात गिळतात. बाण दाबत एकेक अक्षर ऐकणाऱ्याला तेवढंच तर ऐकायचं असतं. आदल्या दिवशी लॅबमध्ये जाऊन प्रत्येक मशीनला पिन लावून बघा. डेस्कटॉपचं पुढचं जॅक कितीतरी ठिकाणी आत जोडलेलंच नसतं, मग मागच्या हिरव्या जॅकात घालावी लागते आणि वायर टेबलापर्यंत पुरत नाही, म्हणून एक्स्टेंशन. शिकवणाऱ्यालाही तेच ऐकू यायला हवं, त्यासाठी स्प्लिटर, म्हणजे एका जॅकात दोन हेडफोन लागतात. मुलांना सांगा एक कान उघडा ठेवा, नाहीतर तुमचं बोलणं त्यांना ऐकूच येणार नाही.

स्क्रीन रीडर म्हणून एनव्हीडीए. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने सुरू केला, जो स्वतः अंध आहे, आणि हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा, त्यांना ते ऐकायला फार आवडतं. घरूनच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर न्या, लॅबच्या इंटरनेटवर विसंबू नका. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो माणूस त्या दिवशी हजर हवा, नुसता फोन नंबर नको. पेनड्राइव्हवरून थेट चालणारी पोर्टेबल कॉपी जमते, पण विंडोज परवानगी विचारतं त्या खिडकीत ती गप्प होते. सुरू करायला कंट्रोल-ऑल्ट-एन, पण ही किल्ली इन्स्टॉल केल्यावरच चालते. लॅपटॉपवर इन्सर्ट सापडत नाही म्हणून कॅप्स लॉकला एनव्हीडीएची किल्ली, म्हणजे त्याच्या आज्ञा देताना सोबत दाबायची किल्ली, करून ठेवा. मराठी आवाज एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ई-स्पीक या बोलणाऱ्या इंजिनमध्ये आहे, यंत्रासारखा वाटतो पण स्पष्ट आहे. वेग नवख्यांसाठी कमी करा. तुमच्या कानाला बरा वाटतो तो वेग नको, त्यांना विचारून ठेवा. जुना वापरणारा असेल तर तो स्वतःच इतका वाढवेल की तुम्हाला काही कळणार नाही, वाढवू द्या.

पहिल्या तासाला इन्सर्ट (लॅपटॉपवर कॅप्स लॉक) आणि १ एकत्र दाबा. मग कुठलीही किल्ली दाबली की तिचं नाव ऐकू येतं, काम काही होत नाही, त्यामुळे काही बिघडेल ही भीती जाते. एफ आणि जे या किल्ल्यांवरचे उंचवटे बोटांना सापडू द्या. हात धरून नेऊ नका, माउसला तर हातच लावू नका. आणि बोलणं थांबवायला कंट्रोल, हे सगळ्यात आधी.

सरावाचा मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीवाल्याकडची श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो, ऐकणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलं. फोटो काढून बनवलेली पीडीएफही नको, त्यात वाचायला अक्षरंच नसतात.

थोडं दिसणाऱ्यांचं वेगळं. विंडोज आणि अधिक (+) या किल्ल्या दाबल्या की मॅग्निफायर, म्हणजे स्क्रीन मोठी करून दाखवणारं भिंग, बंद करायला विंडोज-एस्केप. पण सगळ्यांना मोठं करून देऊ नका. ज्यांना नळीतून बघावं तसं फक्त मधलं दिसतं त्यांना अक्षर मोठं केलं की शब्दच नजरेबाहेर जातो, त्यांना काळ्यावर पांढरं जास्त उपयोगी पडतं. कोणाला प्रकाश हवा असतो, कोणाला तोच टोचतो, म्हणून बसवण्याआधी विचारा. अशांनाही हेडफोन द्या, डोळे दमले की ते ऐकायलाच लागतात.

बाकी पटकन. जमिनीवरच्या वायरी भिंतीकडे, काठी ठेवायला जागा, दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर बंद. टेबलावर चहा नको. फॉर्म भरायला शिकवणार असाल तर कॅप्चा आधी स्वतः स्क्रीन बंद करून भरून बघा, नुसता चित्राचा असेल तर ती साइट सोडून द्या. ओटीपी मोबाइलवर येतो, म्हणून टॉकबॅक (अँड्रॉइड फोनचा स्क्रीन रीडर) चालू असलेला फोन जवळ, आणि त्यालाही वेगळा इयरफोन. चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, रजिस्टर.

निघताना पिशवी उघडून हेडफोन पुन्हा मोजा.