जुनी ब्रिटिश नाणी ओळखताना आणि किंमत काढताना या चुका टाळा

आजोबांच्या पेटीत, कुणी आफ्रिकेत किंवा लंडनला राहून आलं असेल तर त्यांच्या सामानात, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारातल्या ढिगात एखादं मोठं तांब्यासारखं नाणं सापडतं, वर राणीचं डोकं, मागे त्रिशूळ घेऊन बसलेली बाई, आणि पहिला प्रश्न ठरलेला, याचे किती येतील? खरं तर किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. आधी नाणं कुठल्या देशाचं, कोणत्या राजाचं, वर्ष कुठलं, धातू कुठला, वजन किती, मग कंडिशन, आणि हे सगळं पक्कं झालं की मग भाव. हा क्रम उलटा केला की माणूस मोबाईलवर एक फोटो बघतो, "सेम टू सेम आहे" म्हणतो आणि साध्या नाण्याचे लाख रुपये मागत बसतो, नाहीतर खरंच चांगलं नाणं मोडीच्या भावात देऊन टाकतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण गेलेलं नाणं परत येत नाही.

ब्रिटनचं नाणं आणि ब्रिटिश इंडियाचं नाणं, यात गल्लत

आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. "वन रुपी इंडिया" लिहिलेला व्हिक्टोरियाचा रुपया हा ब्रिटिश इंडियाचा, आपल्याच टांकसाळीत पडलेला. पेनी, शिलिंग, हाफ क्राउन ही ब्रिटनची नाणी. दोघांचे कॅटलॉग वेगळे, गिऱ्हाईक वेगळं. गोंधळ वाढतो तो असा, की १८९० च्या दशकापासून १९४८ पर्यंत ब्रिटनच्या नाण्यांवरही काठाला "इंड इंप" (IND IMP) अशी अक्षरं असतात, म्हणजे भारताचा सम्राट किंवा सम्राज्ञी, आणि ती बघून लोक नाणं भारताचं धरतात. भारत स्वतंत्र झाल्यावर १९४९ पासून ती अक्षरं गेली. याचा उलट फायदाही आहे, सहाव्या जॉर्जच्या नाण्यावरचं वर्ष पुसलं गेलं असेल आणि इंड इंप दिसत असेल तर नाणं १९४८ किंवा त्याआधीचं.

उभी ब्रिटानिया (म्हणजे पेनीवरची तीच त्रिशूळवाली बाई), "वन डॉलर" आणि मागे चिनी अक्षरं असलेलं चांदीचं मोठं नाणं दिसलं तर तो ब्रिटिश ट्रेड डॉलर. तो ब्रिटनमध्ये चलनात नव्हताच, हाँगकाँग-सिंगापूरकडच्या व्यापारासाठी काढलेला, आणि बहुतेक डॉलर मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीतले. वजन २६.९५ ग्रॅम हवं. याच्या नकला इतक्या फिरतात की वजन न करता घेऊच नका. आणि राम-सीता किंवा हनुमानाचं चित्र, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ असं काही असेल तर ते नाणंच नाही, कंपनीने असं काही कधी चलनात आणलं नाही. लाखोंच्या गोष्टी ऐकून त्यावर पैसे घालू नका.

नाण्यावर किंमत लिहिलेली नाही म्हणून अडकणं

१५ फेब्रुवारी १९७१ च्या आधी ब्रिटनमध्ये १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड, म्हणजे पौंडाच्या २४० पेनी. पाव पेनी म्हणजे फार्दिंग, दोन शिलिंगचं नाणं फ्लोरिन, अडीच शिलिंगचं हाफ क्राउन, पाच शिलिंगचं क्राउन. बऱ्याच जुन्या नाण्यांवर ही किंमत छापलेलीच नसते, व्हिक्टोरियाच्या तरुण चेहऱ्याच्या हाफ क्राउनवर मागे फक्त ढाल, आणि वर्ष पुढे राणीच्या डोक्याखाली. अशा वेळी अंदाज लावत बसू नका, वजन करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, या छंदातली ही पहिली खरेदी, पुस्तकाच्याही आधी. सिक्सपेन्स २.८३ ग्रॅम, शिलिंग ५.६६, फ्लोरिन ११.३१, हाफ क्राउन १४.१४, क्राउन २८.२८. सगळं एका मापात बसवलेलं आहे, त्यामुळे लक्षातही राहतं. १८६० नंतरची पेनी ९.४५ ग्रॅमची, आणि ती तांब्याची नाही, ब्रॉन्झची. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच, पण एखाद-दुसरा ग्रॅम जास्त भरला तर संशय घ्या.

वर्षच सापडत नाही, असंही होतं. १८५१ ते १८८७ च्या गॉथिक फ्लोरिनवर वर्ष रोमन आकड्यांत आहे, काठाच्या अक्षरांच्या शेवटी, आणि लोक त्याला लॅटिन मजकूर समजून सोडून देतात.

वर्ष पूर्ण झिजलं असेल तर चेहरा बघा. व्हिक्टोरियाचे मुख्य चेहरे म्हणजे तरुण, मग १८८७ ला छोटा मुकुट घातलेला ज्युबिली चेहरा, मग १८९३ पासून डोक्यावर पदर घेतल्यासारखी म्हातारी राणी, ब्रॉन्झवर १८६० ते १८९४ अंबाडा घातलेली. सातवा एडवर्ड उजवीकडे बघतो आणि दाढी आहे, पाचवा जॉर्ज डावीकडे आणि दाढी, सहावा जॉर्ज डावीकडे आणि दाढी-मिशी नाही. एवढ्यावर निम्मी नाणी ओळखता येतात.

सगळी पांढरी नाणी चांदीची समजणं

याच्यात पैसे जातात म्हणून जरा सावकाश सांगतो. १९१९ पर्यंतच्या चांदीच्या नाण्यांत ९२.५ टक्के चांदी. १९२० पासून १९४६ पर्यंत ५० टक्के. १९४७ पासून चांदी शून्य, तांबं आणि निकेल. आता पाचव्या जॉर्जचे दोन हाफ क्राउन शेजारी ठेवा, एक १९१९ चा, एक १९२१ चा, चेहरा तोच, वजन तेच, पण पहिल्यात सुमारे १३ ग्रॅम शुद्ध चांदी आणि दुसऱ्यात सुमारे ७. म्हणजे दुकानदाराने दोन्ही एका भावात लावले तर एकात तुम्ही जवळजवळ दुप्पट मोजताय. १९४६ आणि १९४७ चं तर आणखी विचित्र, एकात निम्मी चांदी, दुसऱ्यात काहीच नाही, आणि वजनाचा काटा इथे काहीच सांगत नाही, वर्षच वाचायला लागतं. "सगळी चांदी आहे, किलोने घ्या" असं कुणी म्हणालं की आधी वर्षांप्रमाणे तीन ढीग करा आणि मग बोला.

घरातली गिनी

मराठी घरात जिला गिनी म्हणतात ती बहुतेक वेळा सॉव्हरिन असते, एका पौंडाचं सोन्याचं नाणं. खरी गिनी २१ शिलिंगची, ती १८१४ नंतर पडलेली नाही. सॉव्हरिन २२ कॅरेट, वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर. इथली मोठी चूक म्हणजे सराफाने कस लावून "२२ कॅरेट आहे" म्हटलं की नाणं अस्सल धरणं. सोनं खरं असूनही नाणं नकली असू शकतं, गेल्या शतकाच्या मध्यात लेबनॉनमध्ये चांगल्या सोन्याच्या नकली सॉव्हरिन मोठ्या प्रमाणात बनल्या. भिंगातून अक्षरं बघा, कडा गोलसर आणि बुजल्यासारख्या वाटल्या, सपाट जागेवर बारीक खड्डे किंवा गाठी दिसल्या, मागच्या बाजूला कोरलेल्या घोड्याच्या आयाळीचे केस एकमेकांत मिसळले असतील तर जाणकाराला दाखवा.

त्याच घोड्याच्या बाजूला, वर्षाच्या बरोबर वर, जमिनीच्या रेषेवर एक बारीक अक्षर असू शकतं, सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी. आणि १९१८ च्या काही सॉव्हरिनवर तिथे आय आहे, ती मुंबईची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा मुंबईत उघडली आणि सॉव्हरिन फक्त त्या एका वर्षाच्या, सुमारे १३ लाख. फार दुर्मिळ नाही, पण आपल्या शहरात पडलेलं ब्रिटनचं सोन्याचं नाणं आहे हे, मिळालं तर मोडू नका, माझी कळकळीची विनंती. याउलट १९१७ ची लंडनची, म्हणजे अक्षर नसलेली, सॉव्हरिन खरंच दुर्मिळ आहे आणि म्हणून तिच्या नकलाही भरपूर. १९१७ वर एस, एम, पी असेल तर ती साधी.

कडी डाखलेली असेल, माळेत ओवलेली असेल, तर संग्राहकाची जास्तीची किंमत गेली, सोन्याचा भाव मात्र राहतो. ती कडी आता काढायला जाऊ नका, डाखाची खूण काही जात नाही. आणि १८८७ चं सिक्सपेन्स माहीत असू द्या. त्याची मागची बाजू अर्ध्या सॉव्हरिनसारखीच होती, लोकांनी सोन्याचा मुलामा देऊन ती खपवली आणि त्याच वर्षी ते डिझाइन मागे घ्यावं लागलं. अर्धी सॉव्हरिन ३.९९ ग्रॅम, सिक्सपेन्स २.८३, काट्यावर टाकलं की विषय संपला.

बारीक अक्षर न बघणं

पेनी साध्या म्हणून कुणी नीट बघत नाही. १९१२, १९१८ आणि १९१९ ची पेनी हातात आली तर उजेडात तिरकी धरा आणि वर्षाच्या डाव्या बाजूला बघा. तिथे एच असेल तर ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची, के एन असेल तर किंग्ज नॉर्टनची. के एन फक्त १९१८-१९१९ ला आहे आणि चांगल्या कंडिशनमध्ये शोधूनही मिळत नाही. अक्षर इतकं बारीक असतं की मळाखाली सहज लपतं, १० पटीचं भिंग लागतंच.

"जुनं म्हणजे महाग" आणि व्हायरल नाणी

१९६७ ची पेनी ६५ कोटींहून जास्त पडली, तिला भाव कुठून येणार? १७९७ ची "कार्टव्हील" पेनी पूर्ण एक औंस तांब्याची, दिसायला जबरदस्त, वय सव्वादोनशे वर्षं, पण झिजलेली सहज मिळते आणि स्वस्त मिळते. किती पडली, किती उरली आणि किती चांगली उरली, यावर भाव ठरतो.

१९३३ ची पेनी खरंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. त्या वर्षी पेनीचा साठा भरपूर होता म्हणून चलनासाठी पाडलीच नाही, मोजक्याच पाडल्या आणि काही इमारतींच्या पायाखाली ठेवल्या. त्यामुळे तुम्हाला "मिळालेली" १९३३ ची म्हणजे शेवटचा आकडा कोरून बदललेली १९३५ किंवा १९३८ ची असण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के. शेवटच्या तीनच्या आसपास ओरखडे दिसतात, दोन तीन एकसारखे नसतात.

दुसरी व्हायरल गोष्ट दोन पेन्सची. "न्यू पेन्स" लिहिलेलं नाणं लाखाचं, असा मेसेज फिरतो. १९७१ ते १९८१ च्या सगळ्या दोन पेन्सवर तेच लिहिलेलं आहे, ते अगदी साधं नाणं. चूक झाली ती फक्त १९८३ ला, थोड्या नाण्यांवर जुना छाप गेला, आणि तीही कलेक्टर सेटमधली. वर्ष १९८३ नसेल तर पुढे वाचूच नका.

घासणं

चिंच, लिंबू, पितळेची पावडर, टूथपेस्ट, काहीही नाही. देवाची भांडी घासतो तसं नाणं चमकवलं की त्याच्यावरचा पटीना, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेला रंगाचा थर, गेला, बारीक रेषा पडल्या, आणि जाणकार माणूस ते एका नजरेत ओळखतो, भाव निम्म्यावर किंवा त्याहून खाली. आधीच घासलेलं असेल तर आता उपाय नाही, आहे तसं ठेवा. चिकट डाग असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून न चोळता वाळवा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. मुंबई-कोकणात दमट हवेत मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो, त्यामुळे पीव्हीसी नसलेले होल्डर घ्या आणि डब्यात सिलिका जेल टाका.

भाव बघताना

ब्रिटनच्या ग्रेडिंगमध्ये "फाइन" म्हणजे चांगलंच झिजलेलं नाणं, त्यावर व्हेरी फाइन, मग एक्स्ट्रीमली फाइन, मग अनसर्क्युलेटेड. एकाच नाण्याच्या फाइन आणि अनसर्क्युलेटेडच्या भावात कित्येक पटींचा फरक असू शकतो, म्हणून कॅटलॉगमधला शेवटच्या रकान्यातला आकडा बघून खूश होऊ नका. स्पिंकचा कॅटलॉग ब्रिटनच्या नाण्यांसाठी सगळे वापरतात, पण त्यातला भाव हा डीलरच्या विक्रीचा अंदाज, तुमच्याकडून घेताना तो त्याहून कमीच देणार, त्याचंही दुकान चालायचंय. ऑनलाइन कुणी काय मागतोय ते बघू नका, मागायला काय, कुणीही कोटी मागेल. विकलं गेलेल्या नाण्यांचा फिल्टर लावा आणि लिलावांचे जुने निकाल बघा, तेही आपल्या नाण्याच्या कंडिशनचेच.

आणि "तुमचं नाणं पाच लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशन किंवा जीएसटीचे पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून हे चालतं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः सांगितलंय की अशा व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही, आम्ही कसलंही कमिशन घेत नाही.

नाणं परदेशात विकायचा किंवा ग्रेडिंगला पाठवायचा विचार असेल तर त्याचं वय आधी मोजा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षं किंवा त्याहून जुनं कुठलंही नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि खाजगी माणसाला ते भारताबाहेर पाठवता येत नाही, मग भले ते लंडनमध्ये पडलेलं असो. कुरिअरवाल्याने घेतलं म्हणजे चालतं असं नाही. विकायचं तर इथल्याच लिलावात किंवा नाणी प्रदर्शनात, आणि बिल घेऊन.