वनकायदा शोधताना या चुका टाळा

हातातल्या पीडीएफच्या पहिल्या पानावर ‘वन (संवर्धन) अधिनियम, १९८०’ असं नाव असेल तर ती प्रत शिळी आहे. २०२३च्या दुरुस्तीने कायद्याचं नावच बदललं आणि १ डिसेंबर २०२३पासून तो ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८०’ झाला. साल तेच राहिल्याने लोक फसतात. इंडिया कोड या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रतीतसुद्धा आधी तळटीपा वाचाव्यात. कुठलं कलम कधी घातलं, कधी गाळलं हे तिथेच कळतं. सुटा दुरुस्ती कायदा वाचून ‘अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द’ याखेरीज हाती काही लागत नाही.

तळटीपांतही सगळं सापडेल असं नाही. ‘वन’ म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते, कागदोपत्री मालकी कोणाचीही असो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन आदेशाने ठरलं. २०२३च्या दुरुस्तीने ती व्याप्ती आवळली म्हणून वाद झाला आणि १९ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात शब्दकोशातला अर्थच धरून चालायला सांगितलं. कायद्याच्या प्रतीत यातलं एक अक्षर नाही. विदर्भातल्या झुडपी जंगलाचंही (महसूल नोंदीत तसं नाव असलेल्या खुरट्या झुडपांच्या जमिनीचंही) तसंच. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५चा निकाल वाचावा लागतो, नुसता सातबारा बघून भागत नाही.

सगळ्यात महाग पडते ती वनहक्काची जुनी पुस्तिका. २००६चा कायदा, १ जानेवारी २००८चे नियम आणि मागे नमुने, अशी झेरॉक्सची झेरॉक्स गावोगाव फिरते. ६ सप्टेंबर २०१२ला नियम बदलले ते तिच्यात नसतात. मग काय होतं? पुस्तिकेत गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश लिहिलेली. निम्मं गाव कामाला बाहेरगावी, म्हणून ग्रामसभा एकदा तहकूब, दोनदा तहकूब. प्रत्यक्षात २०१२पासून निम्मे सदस्य पुरतात. मात्र हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, आणि दाव्यांवर ठराव करायचा असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. या दोन अटी पुस्तिकेत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या सभेला गर्दी जमूनही ठरावात खोट राहते. त्यातच सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाने परंपरेने राखलेल्या वनाचा, दावा जुन्या सामूहिक हक्काच्या नमुन्यात भरलेला असतो. त्यासाठी वेगळा नमुना २०१२मध्येच आला. उपविभागीय समितीकडून फाईल परत येते, तोवर वर्ष निघून गेलेलं असतं.

उपाय पाच मिनिटांचा. पुस्तिकेच्या शेवटी २०१२चे दुरुस्ती नियम आहेत का ते बघा. नसतील तर ती बाजूला ठेवा, ‘तूर्त चालवून घेऊ’ नको. सभेच्या नोंदवहीत महिलांच्या सह्या वेगळ्या पानावर घ्या, दावेदारांच्या नावापुढे खूण करा, आणि गणपूर्तीचा आकडा ठरावातच लिहा. दावा फेटाळला तर कारणं लेखी मागा. अपिलाचे ६० दिवस निर्णयाच्या तारखेपासून धरायचे, कागद हाती पडल्यापासून नव्हे.

बांबूबद्दल एका ओळीत: २०१७मध्ये भारतीय वन अधिनियमाच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून तो वगळला, म्हणून राखीव वनातला बांबू तोडायला मोकळीक मिळाली असं नाही.

याच अधिनियमातली कलम ४ची अधिसूचना म्हणजे राखीव वन करण्याचा इरादा. कलम २०ची अधिसूचना निघाल्यावर ते राखीव वन होतं. दोन्हींत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. कोणती हाती आहे ते बघितल्याशिवाय बोलूच नये.

खाजगी वनांच्या बाबतीत हीच घाई मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात अनेकांना भोवली. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३)च्या १९५०च्या दशकातल्या नोटिसांवर बोट ठेवून महाराष्ट्राच्या १९७५च्या खाजगी वन संपादन कायद्याखाली जमिनी ‘वन’ ठरवल्या गेल्या आणि उताऱ्यांवर तशा नोंदी चढल्या. गोदरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये सांगितलं की नोटीस नुसती निघून भागत नाही, ती मालकाला बजावलेली असावी लागते. म्हणून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘वन’ दिसलं की फेरफार क्रमांक घ्या, फेरफारावरून नोटीस शोधा, आणि नोटिशीवरून बजावणीचा पुरावा. गाव नमुना १-अ, म्हणजे वनजमिनींची नोंदवही, तलाठ्याकडे जाऊन पाहायला विसरू नका.

आता माहिती अधिकार. ‘आमची जमीन वनात का घेतली?’ असा अर्ज केला की उत्तर ठरलेलं: अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. जनमाहिती अधिकारी कारणमीमांसा लिहून देत नाही, फाईलमधला कागद देतो. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक गाव, अमुक गट क्रमांक, कलम ४ व २०च्या अधिसूचनांच्या प्रती, सोबतचा नकाशा, वन जमाबंदी अधिकाऱ्याचा अहवाल. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. एका अर्जात सतरा प्रश्न कोंबणाऱ्यांना सतरा त्रोटक उत्तरं मिळतात आणि ते खात्याला शिव्या घालतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. आठवण करून देणारी पत्रं लिहीत बसलात तर ती मुदत निघून जाते.

शासन निर्णयाचा सांकेतांक जपून ठेवा. त्याचे पहिले आठ अंक वर्ष-महिना-दिवस असतात, त्यामुळे शीर्षक विसरलं तरी तारखेवरून निर्णय सापडतो.