तोफेचा ‘कान’ कसा ओळखावा आणि त्या नावाचा माग कसा काढावा

सातारा परिसरात गडावर किंवा एखाद्या चौथऱ्यावर जुनी तोफ दिसली, की प्रथम तिचे तोंड कोणते आणि बूड कोणते हे ठरवावे. मग बुडाजवळ, नळीच्या वरच्या अंगाला असलेले एक बारीक भोक शोधावे. जुन्या मराठीत यालाच तोफेचा कान म्हणतात. ते बहुधा गंजाने, मातीने किंवा रंगाच्या थरांनी बुजलेले असते. अशा वेळी ते बोटाने चाचपावे, तार घालून कोरू नये, कारण भोकाची झिजलेली कड हा तोफेच्या वापराचा पुरावा असतो.

इथे एक चूक सहज होते. नळीच्या दोन्ही बाजूंना आडवे खुंट असतात आणि त्यांच्यावर तोफ गाड्यात टेकते. कढईच्या कड्यांनाही आपण कान म्हणतो, त्यामुळे हे खुंटच कान असावेत असे वाटते. शंका आल्यास शब्दाचा वापर पाहावा, कारण माझ्या मते व्युत्पत्तीपेक्षाही तो अधिक विश्वासाचा साक्षीदार आहे. ‘तोफांच्या कानांत खिळे मारले’ असा जुना वाक्प्रचार आहे. तोंडातून दारू आणि गोळा ठासल्यावर कानात रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, घालून बत्ती देत, आणि ती आग भोकातून आत पोहोचली की बार उडे. भोकात खिळा ठोकला की ही वाटच बंद होते; खुंटात ठोकून काहीच साधत नाही. औरंगजेबाने १६९९-१७०० मध्ये वेढलेल्या अजिंक्यताऱ्यासारख्या गडावरून अवजड तोफ घाईने उतरवणे किती कठीण, हे चढण चढताना कळते. शत्रूच्या हाती तोफ उपयोगी पडू नये यासाठी खिळा हा सर्वांत झटपट उपाय होता.

आता शब्दाच्या मुळाकडे वळावे. ‘तोफ’ तुर्कीतून आणि ‘गोलंदाज’ (म्हणजे तोफ डागणारा) फारसीतून आला. ‘कान’ मात्र संस्कृत ‘कर्ण’ आणि प्राकृत ‘कण्ण’ या वाटेने आलेला घरचा शब्द आहे. हिंदीतही तो तोफेच्या भोकाच्या अर्थाने आहे. कोशात पाहताना कानाच्या पहिल्या अर्थावर थांबू नये, पुढचे अर्थही वाचावेत. ‘रंजक’ पाहतानाही मनोरंजक या अर्थाच्या संस्कृत शब्दाशी घोटाळा होऊ देऊ नये. दारूचा रंजक फारसीतला आहे.

शेवटी वहीत कानाची जागा आणि रुंदी टिपून ठेवावी, आणि आत खिळ्याचा तुकडा अडकलेला दिसल्यास तो न काढता त्याचीही नोंद करावी.