कीथ हॅरिंगचं सही केलेलं मार्कर ड्रॉइंग कसं वाचायचं

पहिलं काम म्हणजे सही आणि साल बघा. कारण न्यूयॉर्कच्या सबवेमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर, जाहिरातींच्या रिकाम्या जागी लावलेल्या काळ्या कागदावर खडूने चित्रं काढणारा हा माणूस १९९० मध्ये ३१ व्या वर्षी एड्सने गेला, त्यामुळे सगळं काम जेमतेम दहा-बारा वर्षातलं आहे आणि सालावरून मूड बराच कळतो.

मग चिन्हं. रांगणारं बाळ आणि भोवती किरणं दिसली की ती त्याची जवळपास दुसरी सहीच, निरागसपणा आणि ऊर्जा दोन्ही त्यात येतं. भुंकणारा कुत्रा बहुतेक वेळा सत्ता, दादागिरी. पोटात आरपार भोक असलेला माणूस मात्र वेगळाच, बीटल्सवाल्या गायक जॉन लेननचा १९८० च्या डिसेंबरमध्ये खून झाला त्या बातमीनंतर ही प्रतिमा सुचली असं तो सांगायचा, हे कळल्यावर ते चित्र मजेशीर वाटतच नाही.

पण डिक्शनरीसारखं एक चिन्ह एक अर्थ असं लावत बसू नका प्लीज, तो स्वतःही अर्थ बघणाऱ्यावर सोडायचा. कोण कोणाच्या वर आहे, किरणं कशातून निघतायत, कुत्र्यासमोर लोक नाचतायत की पळतायत, हे आधी बघा. उडती तबकडी एखाद्यावर किरण सोडत असेल तर त्याला पॉवर मिळतेय असं समजा, पुढे तोच चमकताना दिसतो.

आणि विकत घेत असाल तर सांभाळून, हॅरिंगच्या फाउंडेशनने २०१२ पासून अस्सल-नकली तपासून देणं बंद केलंय आणि नकली माल भरपूर फिरतो, म्हणून चित्र कोणाकोणाच्या हातातून आलं त्याचे कागद मागाच.